मोटारहोम घेतली, पण रात्री लावायची कुठे? युरोपातल्या मुक्कामाची नेहमीची अडचण आणि तिचे उपाय

तक्रार ठरलेली असते. रात्रीचे साडेनऊ वाजलेत, बाहेर अजून उजेड आहे, मागे मुलं भुकेजलीत, अ‍ॅपच्या नकाशावर मुक्कामाच्या खुणांचा सडा पडलाय आणि तरी गाडी लावायला जागा नाही. एक ठिकाण भरलेलं, दुसऱ्याचं फाटक बंद, तिसऱ्याच्या तोंडाशी दोन मीटर उंचीवर आडवा दांडा. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. मे महिन्याच्या सुट्टीत मुंबईहून जाऊन जर्मनी, फ्रान्स किंवा इटलीत मोटारहोम, म्हणजे झोपायची-स्वयंपाकाची सोय असलेली गाडी, भाड्याने घेणाऱ्यांच्या वाट्याला हे वारंवार येतं.

जागा भरपूर आहेत. चुकतो तो शोधण्याचा क्रम. आपण आधी नकाशा उघडतो, मग घड्याळाकडे लक्ष जातं आणि पाण्याच्या-सांडपाण्याच्या टाक्या आठवतात त्या सगळ्यात शेवटी, वास यायला लागल्यावर. क्रम उलटा करा: आधी टाक्या, मग घड्याळ, मग नकाशा.

दुपारी तीन वाजता बघायच्या चार गोष्टी

बहुतेक गाड्यांत प्रवेशदाराच्या वर कंट्रोल पॅनेल असतं. त्यावर स्वच्छ पाणी, सांडपाणी आणि आतली बॅटरी, म्हणजे इंजिनची नव्हे, घराची बॅटरी, किती उरली ते दिसतं. चौथी गोष्ट शौचाची कॅसेट, म्हणजे शौचकुपाखालची, बाहेर काढून रिकामी करायची टाकी. तिचा दिवा शौचकुपातच असतो. रोज दुपारी तीनच्या सुमारास गाडी थांबवून या चारही नोंदी बघा. आज रात्री कुठल्या प्रकारची जागा हवी, हे त्या आकड्यांवरून ठरतं.

चारही ठीक असतील तर साधं पार्किंगही चालेल, अर्थात तिथे रात्री राहायला परवानगी असेल तर. कॅसेट किंवा सांडपाणी काठाला आलं असेल तर टाक्या रिकाम्या करायची सोय असलेली जागा हवी: जर्मनीत श्टेलप्लाट्झ, फ्रान्समध्ये एर, इटलीत आरेआ सोस्ता. या मोटारहोमसाठीच राखलेल्या, साध्या, स्वस्त जागा. रात्रीचे साधारण १० ते २० युरो, काही गावांत फुकट. बॅटरी उतरली असेल, कपडे धुवायचे असतील किंवा सगळ्यांना पोटभर अंघोळ हवी असेल तर सरळ कॅम्पसाइट. चौघांचे पैसे हंगामात बरेच जास्त पडतात, पण तीन रात्रींतून एक कॅम्पसाइट हे प्रमाण मुंबईच्या कुटुंबाला जमतं. त्याखाली गेलात की कुरबुर सुरू होते.

‘कॅसेट रोजच भरते’

ही अडचण परदेशी माहितीपत्रकांत सापडत नाही, कारण ती आपल्या सवयीतून येते. नेहमीची कॅसेट १७ ते २० लिटरची. कागद वापरणाऱ्या दोघांना ती दोन-तीन दिवस पुरते. आपण पाणी वापरतो. फ्लश आणि धुणं मिळून एका वेळेला एक लिटर धरा, चौघांनी दिवसात चार-चार वेळा वापर केला की १६ लिटर तिथेच झाले. म्हणजे रोज संध्याकाळी रिकामी करायची सोय हवीच, आणि मुक्कामाचे निम्मे पर्याय इथेच कटले.

सवय मोडायची गरज नाही, मोजायची आहे. पाण्याचा मग आणि जेट स्प्रे यांच्या जागी ३०० ते ४०० मिलिलिटरची दाबायची बाटली ठेवा. शॉवरचा पाइप ओढून जेटसारखा वापरू नका. त्याचं पाणी किती गेलं ते कळत नाही. दिवसा म्युझियम, उपाहारगृह, सुपरमार्केट, पेट्रोलपंप जिथे मिळेल तिथलं शौचालय वापरा आणि गाडीतलं रात्रीसाठी राखा. गाडी बुक करतानाच दुसरी, जादाची कॅसेट भाड्याने मिळते का ते विचारा. या एका प्रश्नाने रोजची कटकट एक दिवसाआड होते.

लाल दिवा लागल्यावर ‘आता एकदाच’ म्हणून वापर करू नये. काठोकाठ भरलेली कॅसेट बाहेर ओढताना झडपेतून सांडते, आणि ती कुठे सांडते हे वेगळं सांगायला नको.

रिकामी करताना आधी शौचकुपाची झडप पूर्ण बंद करा, नाहीतर कॅसेट बाहेर येतच नाही. जोर लावला तर कडी तुटते. बाहेरच्या कप्प्यातून ती काढा, नळकांडं बाहेर वळवा, खाली धरून ओतताना हवेचं बटण दाबून ठेवा. न दाबल्यास गटागटा उसळत येतं आणि बुटांवर उडतं. दोनदा पाण्याने विसळा, ते पाणीही तिथेच ओता. मग बाटलीवर लिहिलेल्या मापाने रसायन आणि एक-दोन लिटर पाणी. शेजारी दोन नळ असतील तर नीट बघा: एक कॅसेट धुण्याचा, दुसरा पिण्याच्या पाण्याचा. कॅसेटचं तोंड पिण्याच्या नळाला टेकवणं हा तिथला सगळ्यात मोठा असभ्यपणा समजला जातो, आणि योग्यच आहे. सांडपाण्याची जमिनीतली जाळी वेगळी. कॅसेट त्यात ओतायची नाही.

‘पाणी संपलं’ आणि ‘भरलेलं पाणी गेलं कुठे’

स्वच्छ पाण्याची टाकी साधारण १०० लिटरची. घरी एका बादलीत १५ ते २० लिटर जातात. चार बादल्या म्हणजे टाकीतलं बहुतेक पाणी संपलं आणि तेवढंच सांडपाणी खालच्या टाकीत जमा झालं. बॉयलर बहुधा १० लिटरचा, त्यामुळे दुसऱ्या माणसाला कोमट आणि तिसऱ्याला गार पाणी मिळतं. मध्ये अर्धा तास थांबावं लागतं. अंग ओलं करा, नळ बंद, साबण, मग धुवा. या पद्धतीत पाच-सहा लिटरमध्ये अंघोळ होते. ज्यांनी मुंबईत पाणीकपातीच्या दिवसांत पिंपातल्या पाण्यावर भागवलंय त्यांना हे शिकवायला नको.

दुसरी तक्रार जास्त बुचकळ्यात टाकते: सकाळी टाकी पूर्ण भरली, थोड्या वेळाने पॅनेल २० लिटर दाखवतं. बऱ्याच गाड्यांत प्रवासातलं वजन मर्यादेत ठेवण्यासाठी टाकीला एक गोल मुठीची झडप असते. ती प्रवासाच्या स्थितीत असेल तर साधारण २० लिटरपेक्षा जास्तीचं पाणी खालून वाहून जातं. गळती समजून कंपनीला फोन करण्याआधी टाकीचं झाकण उघडून मूठ कुठे आहे ते बघा.

दिवाळीच्या सुट्टीत जाणाऱ्यांसाठी तिसरा प्रकार. ट्रुमा कंपनीच्या हीटरला थंडीत आपोआप उघडणारी झडप असते. तिच्याजवळचं तापमान साधारण ३ अंशांवर आलं की ती उघडते आणि बॉयलरचं पाणी जमिनीवर सोडून देते, म्हणजे आत बर्फ होऊन बॉयलर फुटू नये. झडप हाताने बंद करायला गेलात तर ७ अंशांच्या खाली ती बसतच नाही. आधी गाडी आतून गरम करा, मग बटण दाबा, मग पाणी भरा. नोव्हेंबरपासून अनेक गावं एरवरचे नळही बंद करतात, त्यामुळे हिवाळ्यात पाणी मिळेल तिथे भरून घ्यावं.

उजेड फसवतो

मुंबईत सातला अंधार पडतो, त्यामुळे उजेड आहे म्हणजे वेळ आहे, असं अंगवळणी पडलेलं असतं. जूनमध्ये पॅरिसला सूर्य रात्री दहाच्या सुमारास मावळतो. पण कॅम्पसाइटचं स्वागतकक्ष त्याच्या कितीतरी आधी बंद होतं. जर्मनीत बऱ्याच ठिकाणी दुपारी १ ते ३ शांततेची वेळ असते, तेव्हाही आडवा दांडा खाली, आणि रात्री १० ते सकाळी ७ गाड्यांना पूर्ण बंदी. म्हणून तीनला जागा ठरवायची आणि पाचला आत शिरायचं. श्टेलप्लाट्झ आणि एरवर आरक्षण बहुधा नसतं, जो आधी येईल त्याची जागा. सकाळी दहा-अकराला त्या रिकाम्या होतात आणि पाच-सहापर्यंत भरतात. ठिकाण बघायचंच असेल तर आधी गाडी लावून मग बसने गावात जा.

उशीर होणारच असेल तर जर्मन कॅम्पसाइटवर ‘क्विक स्टॉप’ असा फलक शोधा: संध्याकाळी उशिरा यायचं, सकाळी लवकर निघायचं, बऱ्याचदा दांड्याच्या बाहेरच उभं राहायचं, भाडं कमी. फ्रान्समध्ये कॅम्पिंग-कार पार्क नावाची साखळी आहे. तिचं ‘पास एटाप’ कार्ड घेतलं की फाटक २४ तास उघडतं आणि किती जागा रिकाम्या आहेत ते अ‍ॅपवर त्या क्षणी दिसतं.

आता सुट्टीचं गणित. आपली मेची सुट्टी आणि तिकडच्या जोडसुट्ट्या एकमेकींवर येऊन आदळतात. १ मे, फ्रान्समध्ये ८ मे, शिवाय ईस्टरनंतर ३९ व्या दिवशी येणारा असेन्शनचा गुरुवार आणि ५० व्या दिवशी पेंटेकॉस्टचा सोमवार. २०२७ मध्ये ईस्टर २८ मार्चला आहे, म्हणजे असेन्शन ६ मे आणि पेंटेकॉस्टचा सोमवार १७ मे. गुरुवारची सुट्टी आली की शुक्रवार जोडून घेणं ही कला फक्त आपल्याकडेच आहे असं नाही. बव्हेरियाच्या शाळांना पेंटेकॉस्टला दोन आठवडे सुट्टी असते, आणि त्या काळात इटलीचं गार्डा सरोवर जर्मन नंबरप्लेटांनी भरून जातं. या तारखांना सरोवरं आणि समुद्रकिनारे टाळा, किंवा तेवढ्या रात्रींचं कॅम्पसाइट आरक्षण मुंबईतूनच करा. त्याच पावत्या शेंगेन व्हिसाच्या अर्जात राहण्याचा पुरावा म्हणून भाडेकराराला जोडता येतात. इटलीत १५ ऑगस्टच्या आसपासही हीच गत.

खूण आहे, पण शिरता येत नाही

सहा-सात मीटरची मोटारहोम म्हणजे मोठी टेम्पो ट्रॅव्हलर, फक्त डोक्यावर जास्त ओझं. ड्रायव्हरच्या वर पलंग असलेली गाडी ३.१ ते ३.२ मीटर उंच, बिनपलंगाची २.८ ते २.९. नेमकी उंची करारावर असते. ती कागदावर लिहून स्टिअरिंगसमोर चिकटवा. समुद्राजवळच्या आणि शहरातल्या बऱ्याच पार्किंगला साधारण दोन मीटरवर दांडा असतो; तो मोटारहोमना दूर ठेवण्यासाठीच असतो, वाकवून-वळवून जायची वाट नसते. गूगल मॅप्स गाडीची उंची-रुंदी विचारत नाही. उंची, रुंदी, वजन भरता येणारं नेव्हिगेशन वापरा आणि गूगलवर फक्त शेवटचा एक किलोमीटर उपग्रह चित्रातून बघा: वळायला जागा आहे का, झाडं किती खाली आहेत, दुसऱ्या मोटारहोम उभ्या दिसतात का.

पार्कफॉरनाइट आणि कॅम्परकॉन्टॅक्ट ही दोन अ‍ॅप पुरतात, पण खूण बघून निघू नका. शेवटचे अभिप्राय कोणत्या महिन्यातले आहेत ते पाहा. गेल्या वर्षीच्या ‘शांत, सुंदर, फुकट’ जागेवर या वर्षी बंदीचा फलक लागलेला असू शकतो. नेहमी तीन जागा हाताशी ठेवा: पहिली हवी ती, दुसरी १५ मिनिटांवर, तिसरी आरक्षण न लागणारी आणि २४ तास उघडी. तिन्ही एकाच सरोवराकाठी घेतल्या तर तिन्ही एकदमच भरतात.

इटलीत जुन्या गावांच्या आत झेडटीएल, म्हणजे मर्यादित वाहतुकीचा भाग असतो. गोल पांढरा फलक, लाल कड, वर कॅमेरा. नेव्हिगेशन ‘गावाच्या मध्यावर’ न्यायला निघालं की हा फलक लागतोच. एकदा आत गेलात की नंबरप्लेट टिपली गेली. परदेशात राहणाऱ्याला दंडाची नोटीस पाठवायला इटलीच्या कायद्याने ३६० दिवस दिलेत, त्यामुळे पुढचे गणपती येऊन गेल्यावरही पाकीट दारात येऊ शकतं, शिवाय भाडेकंपनी आपलं शुल्क वेगळं कापते. नेव्हिगेशनमध्ये गावाचं नाव टाकू नका; मुक्कामाच्या जागेचे अक्षांश-रेखांश टाका.

वजनाचंही याच ठिकाणी सांगायला हवं. आपल्याकडे एलएमव्ही परवान्यावर ७,५०० किलोपर्यंतची गाडी चालते. आरटीओकडून मिळणाऱ्या आंतरराष्ट्रीय परवान्यातला बी वर्ग ३,५०० किलोवर थांबतो. सहाजणांची मोठी मोटारहोम काही वेळा याच्या वर जाते, म्हणून बुकिंग करताना करारातलं कमाल वजन वाचा.

लावली, पण राहायची परवानगी आहे का

नियम देशागणिक बदलतो, आणि ‘तिकडे सगळं चालतं’ ही ऐकीव माहिती महाग पडते. जर्मनीत जिथे पार्किंगला मनाई नाही तिथे थकवा घालवून पुन्हा गाडी चालवण्याजोगं होण्यासाठी एक रात्र झोपता येतं; पण खुर्च्या, टेबल, छत बाहेर आलं की ते कॅम्पिंग ठरतं. इटलीच्या वाहतूक कायद्याचं कलम १८५ हेच अधिक नेमकं सांगतं: गाडी फक्त चाकांवर उभी असावी, तिच्यातून इंजिनाच्या धुराखेरीज काही बाहेर पडू नये आणि तिने स्वतःच्या आकारापेक्षा जास्त जागा अडवू नये. म्हणजे टेकू खाली सोडले, पायरी बाहेर काढली किंवा सांडपाण्याचा नळ ठिबकत राहिला की वाद सुरू. क्रोएशिया आणि स्लोव्हेनियात अधिकृत जागेबाहेर रात्र काढायला बंदी आहे. पोर्तुगालमध्ये नातुरा २००० संरक्षित भागात आणि किनारपट्टीच्या राखीव पट्ट्यात अधिकृत जागेबाहेर बंदी, इतरत्र एका नगरपालिकेच्या हद्दीत ४८ तासांपर्यंत. स्वित्झर्लंडमध्ये कॅन्टनप्रमाणे, म्हणजे प्रांताप्रमाणे वेगळं. फ्रान्समध्ये गावचा मेयर फलक लावून बंदी घालू शकतो, म्हणून गावात शिरतानाचे फलक वाचा.

फ्रान्समध्ये आणखी एक चांगली सोय आहे, फ्रान्स पॅसियों. वर्षाची वर्गणी भरली की द्राक्षमळेवाले, शेतकरी, चीज करणारे यांच्या अंगणात २४ तास फुकट राहता येतं. तिथे टाक्या रिकाम्या करायची सोय गृहीत धरू नये. कॅसेट रिकामी असेल त्याच दिवशी हा पर्याय निवडा. आल्याबरोबर मालकाला भेटून नमस्कार करायचा असतो. विकत काही घेतलंच पाहिजे असं नाही, पण एखादी बाटली किंवा चीजचा तुकडा घेतल्याने संध्याकाळ सोपी होते.

मशीन पैसे घेत नाही

माणूस नसलेल्या मशीनवर आपलं कार्ड नाकारलं जाण्याची दोन-तीन कारणं असतात. पहिलं: रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमानुसार कार्डावर परदेशातला वापर आणि टेकवून पैसे देणं हे दोन्ही आपण बँकेच्या अ‍ॅपमध्ये वेगवेगळं सुरू करावं लागतं. परदेशातला वापर चालू आणि टेकवून देणं बंद असलं तर दुकानात पिन टाकून कार्ड चालतं, पण फक्त टेकवून पैसे घेणाऱ्या मशीनवर नाही. दुसरं: काही मशीन प्रीपेड फॉरेक्स कार्ड घेत नाहीत. पिन असलेलं क्रेडिट कार्ड सोबत ठेवा. तिसरं: पाणी आणि वीज देणारे जुने खांब फक्त नाणी घेतात. १ आणि २ युरोची मिळून २० युरोंची नाणी एका डबीत कायम असू द्या आणि ती आईस्क्रीमला खर्च करू नका. फ्रान्समधल्या काही खांबांना नाणी नाही, टोकन लागतं. ते पर्यटन कार्यालयात किंवा बेकरीत मिळतं, म्हणजे दुकान उघडं असताना.

वीज आहे, पण खटका पडतो

खांबाची क्षमता अँपिअरमध्ये लिहिलेली असते. २३० व्होल्टला ६ अँपिअर म्हणजे १,३८० वॅट, १० म्हणजे २,३०० वॅट. मुंबईहून नेलेली १,९०० वॅटची इंडक्शन शेगडी किंवा २,००० वॅटची किटली ६ अँपिअरवर लावली की खटका पडणारच. काही ठिकाणी तो कुलूपबंद पेटीत असतो आणि किल्ली स्वागतकक्षात, म्हणजे सकाळपर्यंत अंधार. भात, डाळ, चहा गाडीच्या गॅसवर करा. त्यासाठी लहान कुकर न्या. फोडणी देताना छताची खिडकी उघडा, नाहीतर पलंगाच्या पडद्यांना आठवडाभर हिंगाचा वास राहतो. वायर रिळावर असेल तर पूर्ण उलगडा. गुंडाळलेली वायर भाराखाली तापते.

वीजजोड नसताना २३० व्होल्टचे सॉकेट मेलेले असतात. तो बिघाड नाही. तेव्हा फक्त १२ व्होल्टवर चालणारं सुरू राहतं: दिवे, पंप, हीटरचा पंखा, यूएसबी. ९५ अँपिअर-तासांची एजीएम बॅटरी असेल तर अर्धी, म्हणजे पन्नासच्या आतच वापरायची. सगळं बंद करून पॅनेलवर १२.७ व्होल्ट दिसलं तर भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी, १२ च्या खाली आली की आज वीजवाली जागा.

रात्री दहापर्यंत काहीच मिळालं नाही तर

जर्मनीत ऑटोहोफ शोधा: महामार्गावरून बाहेर पडल्यावर लगेच लागणारं, २४ तास उघडं ट्रकवाल्यांचं ठिकाण, शौचालय, शॉवर आणि गरम जेवणासह. ट्रकच्या लांब जागा सोडून कडेला उभे राहा आणि शीतपेटी लावलेल्या ट्रकपासून लांब, कारण त्यांचं यंत्र रात्रभर घरघरतं. महामार्गावरच्या विश्रांतीच्या जागा, विशेषतः दक्षिण फ्रान्समध्ये, रात्रीच्या चोऱ्यांसाठी बदनाम आहेत. तिथे झोपणं टाळाच. त्यापेक्षा किनाऱ्यापासून वीस-पंचवीस किलोमीटर आतल्या लहान गावात जा. मैदानाजवळच्या पार्किंगमध्ये बंदीचा फलक नसेल तर खुर्च्या बाहेर न काढता झोपा आणि आठच्या आत निघा. गावातलं खानावळवजा हॉटेल उघडं असेल तर तिथे जेवा आणि मागच्या अंगणात रात्रभर गाडी ठेवू का, असं विचारा. कुठेही झोपलात तरी गाडीचं तोंड रस्त्याकडे, चालकाची सीट मोकळी, किल्ली ठरलेल्या जागी, म्हणजे गरज पडली तर लगेच निघता येतं.

शेवटच्या रात्रीची निवड पहिल्या दिवशीच करून टाका: भाडेकंपनीच्या डेपोपासून तीस-चाळीस किलोमीटरच्या आत, टाक्या रिकाम्या करायची सोय असलेली जागा. बहुतेक डेपो रविवारी बंद असतात आणि गाडी परतीची वेळ सकाळची असते. कॅसेट किंवा सांडपाणी भरलेलं सापडलं तर अनामतीतून चांगली घसघशीत रक्कम जाते. आदल्या संध्याकाळी दोन्ही टाक्या रिकाम्या करा, सकाळी फक्त डिझेल भरा आणि पावती जपून ठेवा.